आत बाऊ आहे

सोमवार, ता. ४

आले एकदाची! दोन पेट्या, हत्यारांची पिशवी आणि ही कोरी वही, एवढाच माझा संसार. माझ्या धाकट्या भावाने दारातच पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, की ताई, तू पोरं सांभाळायला आलीस की घर पाडायला? मी म्हटलं, आधी घर बघू दे, मग ठरवते. दोन लेकरांचा बाप झाला तरी मी त्याला बाळ्याच म्हणते, आणि तो अजून त्यावर चिडतो.

घर छान आहे. यांनाही इथे येऊन फार दिवस झाले नाहीत, खोकी अजून जिन्याखाली रचलेली आहेत. खाली बैठक, स्वयंपाकघर, न्हाणीघर. वर दोन खोल्या, त्यातली मागची माझी. खिडकीतून शेजाऱ्यांचं छप्पर आणि त्यावर ऊन खात पडलेलं मांजर दिसतं. भावजय नोकरीच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेली आहे. बाळ्या सकाळी शीतगृहात कामाला जातो तो दिवेलागणीला परततो. मधला सगळा दिवस माझा आणि पोरांचा.

मोठी चिमणी. साडेतीन वर्षांची, बोलायला लागली की श्वास घ्यायला विसरते. धाकटा गोट्या नुकता पायावर उभा राहिलाय, म्हणजे चालतो कमी आणि आपटतो जास्त. दोघं आत्या आत्या करत माझ्या पेटीवर चढून बसले. मला स्वतःचं मूल नाही, पण आज संध्याकाळी गोट्या माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपला तेव्हा एवढं बरं वाटलं की काय लिहू.

बुधवार, ता. ६

रंगाच्या कारखान्यात सुरक्षा विभागात माझा जन्म गेला. तिथे एक शिकले, की जागा वापरणाऱ्याच्या उंचीवरून तपासायची. म्हणून आज सकाळभर मी हे घर रांगत पाहिलं. चिमणीला वाटलं आत्या घोडा झाली. ती पाठीवर बसली आणि अशी आमची तपासणीची वरात घरभर फिरली.

खालून बघितलं की घराचं रूप पालटतं. ओट्याखाली फिनेल आणि नळी मोकळी करायचं औषध, तेही सरबताच्या बाटलीत! इस्त्रीची वायर मेजावरून लोंबतेय. न्हाणीघरात भरलेली बादली; तान्ह्याला बुडायला वीतभर पाणी पुरतं हे लोकांना खरं वाटत नाही. जिन्याला फाटक नाही. विजेची भोकं बरोबर गोट्याच्या नाकासमोर. पुस्तकांचं उंच कपाट तर नुसतं भिंतीला टेकवलेलं होतं. ते मी लगेच लोखंडी कोन मारून भिंतीला जखडलं आणि स्वतः लोंबकळून पाहिलं. माझ्या वजनाला हललं नाही, म्हणजे कशालाच हलणार नाही. बादल्या पालथ्या घातल्या, औषधं वरच्या फळीवर गेली, मेजाच्या कोपऱ्यांना कापूस बांधला. बाळ्या घरी येऊन म्हणाला की घर आजारी पडल्यासारखं दिसतंय.

उरलेल्या कामाला सुतार हवा. कपाटांना पोरांना न उघडता येणारे खटके, जिन्याला फाटक. सुतार आला, दात कोरत माप घेतलं आणि परवा नक्की म्हणून गेला.

शुक्रवार, ता. ८

सुतार आला नाही. विचारलं तर म्हणे सोमवारी. सुताराचा सोमवार कधी उजाडतो ते त्यालाच ठाऊक.

पोरं मात्र सोमवारची वाट बघत नाहीत. आज चिमणी ओट्याखालच्या कपाटात अर्धी आत होती. कारखान्यात अशा ठिकाणी आम्ही धोक्याची पाटी लावत होतो. पण इथे वाचणार कोण? मग मला सुचलं. पिशवीत लाल रंगाची जाड लेखणी होती. कागदावर एक गोल तोंड काढलं, वटारलेले दोन डोळे आणि आ वासलेला जबडा. चिमणीला जवळ घेऊन सांगितलं, हा बाऊ. हा जिथे असतो तिथे लहान मुलांनी जायचं नाही. गेलं की बाऊ होतो.

आपल्या बोलीची गंमत बघा. खरचटलं तरी बाऊ आणि अंधारात बसतो तोही बाऊ. दोन पाट्यांचं काम एका शब्दात!

ओट्याखाली, जिन्याच्या तोंडाशी, इस्त्रीच्या मेजाला, न्हाणीघराच्या दाराला, सगळीकडे बाऊ चिकटवले. चिमणीने एकेकाकडे नीट बघितलं आणि हात मागे घेतला. गोट्याला मात्र काडीचं भय नाही, तो कागदाला पापी द्यायला जातो. पण चिमणी त्याला लंगोटीला धरून मागे ओढते आणि सांगते, की आत बाऊ आहे. एवढीशी पोर, पण पहाऱ्याला पक्की.

बाळ्या हसत होता. म्हणाला, ताई, लहानपणापासून तुला प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची सवय, आता तर कागदावर केलास.

सोमवार, ता. ११

बाऊ खटक्यांपेक्षा भारी निघाला. तीन दिवसांत एकही पोर नको तिथे गेलं नाही. सुतार नाही आला तरी माझं काही अडत नाही, अशी ऐट मनात आली. आणि ऐट आली की माणूस घसरतो.

म्हणजे झालं असं. बैठकीतल्या खणात मी बिस्किटं ठेवते, ती पोरं पळवतात. लावला बाऊ. गोट्या कपाटातली पुस्तकं उपसून फरशीवर पसरतो, आवरून माझी कंबर जाते. तिथेही लावला. दुपारी दोघांना वर घेऊन येते, पण मला जरा डोळा लागला की शेजारच्या खोलीतून येऊन माझ्या पापण्या उचलून बघतात. म्हणून आज माझ्या खोलीच्या दारावरही एक लावून टाकला.

या तीन ठिकाणी धोका कसला? कसलाच नाही. कारखान्यात कुणी आपल्या सोयीसाठी धोक्याची पाटी लावली असती तर मीच त्याला कच्चा खाल्ला असता. खोटी पाटी लावणं हे आमच्या धंद्यातलं पाप. पण दुपारी इतकी गाढ झोप लागली की पापाचं काही वाटलं नाही. जाग आली तेव्हा दाराबाहेर चिमणी भिंतीला चिकटून बसली होती. तिला भूक लागली होती, पण बाऊ होता म्हणून तिने हाक मारली नाही. बिचारी कधीपासून बसली होती कोण जाणे. तिला दोन बिस्किटं जास्त दिली.

गुरुवार, ता. १४

गोट्याचं बोट खणात चेमटलं. नख काळंनिळं झालंय. रडून रडून निळं पडलं लेकरू.

मी दोन हातांच्या अंतरावर होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं. खण उघडा होता, त्याने आत हात घातला आणि खण बंद झाला. त्याने ढकलला नाही, चिमणी लांब होती. तो खण तर इतका जड सरकतो की मलाही दोन्ही हात लावावे लागतात. आतून कुणी ओढल्यासारखा तो खाडकन गेला.

चिमणी रडली नाही, घाबरलीही नाही. म्हणाली, की मी सांगितलं होतं त्याला.

बाळ्याला मी सांगितलं की वाऱ्याने झालं. बैठकीत वारा येतो कुठून हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, माझा घसा तेव्हापासून कोरडा आहे. बिस्किटांसाठी लेकराला खोटं सांगितलं ते सांगितलं, वर भावालाही.

रविवार, ता. १७

पुस्तकांचं कपाट पडलं.

गोट्या खाली होता. चिमणीने त्याला ओढून काढलं आणि स्वतः अर्धी सापडली. हात मोडलाय तिचा. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, म्हणाले थोडक्यात निभावलं. बाळ्या मला काही बोलला नाही. उलट घरी आल्यावर मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, की तू होतीस म्हणून, नाहीतर काय झालं असतं. मी पाणी प्यायले. तोंड उघडून खरं सांगायचं होतं, पण घोटाबरोबर सगळं खाली गेलं.

दुपारी एकटीने कोन पाहिले. भिंतीतले स्क्रू जागच्या जागी आहेत, एकही ढिला नाही. लोखंडी कोन मात्र सरळ झालेत. भिंतीच्या बाजूने कुणी रेटा दिला तरच असे होतील, आणि कपाटामागे तर बोटभरही जागा नव्हती.

चिमणीला मांडीवर घेऊन विचारलं. ती म्हणाली की बाऊने ढकललं. का, तर ती त्याची जागा आहे. आत्यानेच दिली ना त्याला.

हो. मीच दिली. धोका नव्हता तिथे मी पाटी लावली, आणि ज्याला बसवलं त्याने तिथे धोका आणून ठेवला. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, की सुरक्षेत मुरलेली बाई असलं काही लिहितेय. पण खण आणि कपाट, दोन्ही ठिकाणी बाऊ मी खोटाच लावला होता.

मंगळवार, ता. १९

सुतार आज उगवला. खटके बसले, फाटक बसलं. तो फाटक ठोकत होता तेव्हा मी घरभर फिरून सगळे बाऊ फाडले आणि शेगडीवर जाळले. राख मोरीतून वाहून घालवली.

मग चिमणीसमोर बसले आणि कबूल केलं, की बाऊ असं काही नसतं, आत्या खोटं बोलली, आत्या चुकली. कान धरले तिच्यासमोर. तिने आधी मागे वळून बघितलं. मग प्लास्टरचा हात सांभाळत जवळ आली आणि हळूच सांगितलं, की असं मोठ्याने म्हणू नकोस, तो ऐकतो.

कागद जाळले. तिच्या डोक्यातलं कसं जाळू? ती अजून त्याच जागांना वळसा घालून चालते. स्वच्छ, मोकळ्या फळ्यांपुढून जाताना गोट्याला पोटाशी धरते. रात्रीच्या अंधारात नाही, भर उजेडात. माझ्या शहाणपणाने एका बडबड्या पोरीचं असं मुकं भूत करून टाकलं.

गुरुवार, ता. २१

चिमणी माझ्या खोलीत येत नाही.

मी विसरलेच होते. सगळे कागद काढले, माझ्याच दारावरचा राहिला. आज काढला. लाल रंग कागदातून दारावर उतरलाय. घासला, खरवडला, तारपीन लावलं. निघत नाही. डोळे निघाले, तोंड राहिलं.

शुक्रवार, ता. २२

खोली तपासली. रांगत, आडवी पडून, उभी राहून. पलंग पक्का. पंख्याचा आकडा पक्का. खिडकीला गज. कपाट बुटकं, पडलं तरी कुणाला लागणार नाही. वायर नाही, बाटली नाही, टाचणीसुद्धा नाही. या घरातली सगळ्यात सुरक्षित खोली माझी आहे.

मग इथे बाऊला बसायला जागा कुठली? त्याला धोका करायचा तर या खोलीत असं आहे काय?

मी आहे.

शनिवार, ता. २३

गोट्याला अंघोळ घालत होते. पाणी कोपराने तपासलं होतं, कोमट होतं. मी चिमणीशी बोलत होते आणि माझ्या हाताने गरम पाण्याचा नळ सोडला. मी नाही. माझ्या हाताने. वाफ आली तरी तो हात नळावरून निघेना.

चिमणीने त्याला ओढलं. प्लास्टर भिजलं तिचं. गोट्याची टाच लाल झाली, फोड आला नाही. त्याला पंच्यात गुंडाळून ती कोपऱ्यात बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. ओट्याखालच्या कपाटाकडे बघायची ना, तसंच. मी पुढे पाऊल टाकलं तर तिने गोट्याच्या कानात सांगितलं—

मला ऐकू आलं. माझ्याबद्दलच होतं.

रविवार, ता. २४

बाळ्याला सगळं सांगितलं. बिस्किटं, खण, वारा, कपाट, नळ. काही ठेवलं नाही. पाया पडते म्हटलं, मला आजच्या आज इथून घालव. त्याने माझे हात हातात घेतले. म्हणाला, ताई, तू दमलीस. इतक्या वर्षांनी घरात पोरं आली तुझ्या. एवढ्यातेवढ्याचा बाऊ करू नकोस.

तो हे म्हणाला आणि मला हसू आलं. पोटातून आलं. थांबेना. पण ते हसू माझं—

तो उद्या सुट्टी काढू शकत नाही. शेजारीणबाईंना पोरांजवळ बसायला सांगितलंय. मंगळवारी सकाळी मला गाडीत बसवून देणार. म्हणजे उद्याचा दिवस. एक दिवस निभावायचा.

सोमवार, ता. २५

बाळ्या गेला. मी खोलीत. आतून कडी लावली आहे. शेजारीणबाई खाली आहेत, त्यांचा आवाज येतो, बरं वाटतं. त्यांना बजावलंय, मी कितीही बोलावलं तरी पोरांना वर पाठवू नका. त्या हसल्या. हसू देत.

लिहीत राहायचं. लिहिताना हात माझा असतो.

दुपार झाली असावी. खाली आवाज नाही. बाईंच्या घरी कुणी आलं म्हणून त्या जरा जाऊन येते म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या? मला. जिन्यावरून. आणि मी हो म्हटलं. खुशाल जा, मी आहे ना, असं म्हटलं. मी तर तोंड उघडलं नव्हतं. मी लिहीत होते. वर बघा, मी लिहीतच होते—

फाटक वाजलं. मोठ्यांशिवाय ते उघडत नाही, मी स्वतः तपासलंय. उघडलं.

गोट्याची पावलं. चार टाकतो, आपटतो, उठतो. त्याला भय नाही. त्याला मी बाऊ नाही, आत्याच. चिमणी त्याला मागे ओढतेय, रडत सांगतेय, एका हाताने किती ओढणार लेकरू.

कुणीतरी त्याला बोलावतंय. ये रे राजा, बिस्किट देते. किती गोड आवाज. माझाच. ओठ मिटलेत माझे, दातांत पदर धरलाय, तरी—

देवा, पोरांना काही होऊ देऊ नकोस. मला काहीही कर. चूक माझी, पाटी माझी, त्यांची काही—

दाराशी आला. दार थोपटतोय. हसतोय.

उघडणार नाही. दोन्ही हात वहीवर ठेवलेत, बघ चिमणे, दोन्ही. एक लिहितोय. दुसरा

दुसरा कडीवर आहे

चिमणे त्याला घे आणि प